डब्याला मिळालेली ॲडमिशन

आमची सायली एकदा अर्धा तास हरवली होती. त्या अर्ध्या तासात ती केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होती, आणि तिला हरवलं होतं मी.

हायस्कूल संपल्यावर मोठ्या युनिव्हर्सिटीनं तिला नाही म्हटलं. ती एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी घरापासून बारा मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म भरून मोकळी झाली. "दोन वर्षं इथे, मग तिकडेच ट्रान्सफर. सिंपल, बाबा!" माझ्या बायकोला, प्राचीला, ते पटलं. मलाही पटलं. घरात बसून मला काहीही पटतं! अडचण घराबाहेर होती. मी बोर्डात सोळावा आलो होतो, ही बातमी गेली वीस वर्षं इथे अमेरिकेत, नोव्हायच्या मराठी मंडळात मीच ताजी ठेवली आहे. सोळाव्याची मुलगी बारा मिनिटांवरच्या कॉलेजात जाते, हे सांगायचं कसं?

मंडळाच्या गणपतीच्या आरतीनंतर सुलभावहिनींनी मला गाठलं. त्यांचा रोहित त्याच मोठ्या युनिव्हर्सिटीत, इथून तासाभरावर. प्राची पंगतीत वाढत होती आणि सायली क्विझचा अभ्यास करत घरी बसली होती, म्हणजे मला अडवायला कोणीच नव्हतं.

"भावजी, सायली शेवटी कुठे गेली हो?"

माझ्या तोंडात मोदक होता. तो गिळेपर्यंत माझा खरं बोलायचा विचार पक्का होता. गिळल्यावर मी म्हणालो, "कुठे म्हणजे? रोहितच्याच तिथे!"

"अय्या! तिथेच राहते, डॉर्ममध्ये?"

"रोहितच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये!"

(रोहितच्या समोर बिल्डिंग आहे की तळं, मला काय ठाऊक! नशिबानं बिल्डिंग निघाली. नशिबानं म्हणजे दुर्दैवानं.)

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, आत्ता इंडियन ग्रोसरीत सायली दिसली, कोथिंबीर निवडत होती!"

"हो, वीकेंडला येते ना घरी."

"आज मंगळवार आहे."

"तिचा वीकेंड मंगळवारी असतो," मी म्हणालो. "हल्ली तसंच असतं!"

वहिनींनी यावरही विश्वास ठेवला. त्यांचा स्वभावच तसा साधा, आणि मी त्या साधेपणावर आरामात पाय पसरून बसलो होतो.

मग दिवाळी आली. शनिवारी सकाळी वहिनी दारात हजर, मागे गाडी चालूच. "रोहितला फराळ द्यायला निघालेय. सायलीचा डबा द्या पटकन!"

"नको हो, ती डाएटवर आहे."

"दिवाळीत कसलं मेलं डाएट! द्या!"

प्राची हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती. सायलीला शनिवारचीच लॅब होती. मी स्वयंपाकघरात धावलो, हाताला लागेल तो स्टीलचा डबा ओढला आणि त्यात लाडू-चकल्या कोंबल्या. (लाडू कमी झाल्याचं प्राचीच्या लक्षात आलं असतं, तर मी खाल्ले म्हणून सांगणार होतो. त्यावर आमच्याकडे कोणीही शंका घेत नाही.) "ती क्लासमध्ये असेल, वहिनी. समोरच्या बिल्डिंगच्या फ्रंट डेस्कवर ठेवून द्या." वहिनींनी डब्यावर सायलीच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि गेल्या. काय सफाईनं निभावलं, असं मनाशी म्हणत मी उरलेल्यातला एक लाडू खाल्ला.

तिकडे फ्रंट डेस्कवर डबा पोचला. वहिनी रोहितकडे जेवायला गेल्या. डेस्कवरच्या मुलीनं चिठ्ठीवरचं नाव यादीत शोधलं, ते सापडलं नाही. तिनं डब्याचा फोटो काढला आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला: हा डबा कोणाचा? यावरची लिपी कोणाला वाचता येते का?

लिपी! मी डब्याचं झाकण पाहिलं होतं, पोट पाहिलं नव्हतं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, हे मी अमेरिकेत राहून विसरलो होतो. माझी बहीण विसरली नव्हती. डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी ठसठशीत कोरलेलं होतं: "चि. सायली श्रीकांत बोरवणकर हिच्या बारशाप्रीत्यर्थ आत्याकडून सप्रेम भेट." थोडक्यात, आमच्या घरातून त्या युनिव्हर्सिटीत पहिली ॲडमिशन मिळाली ती डब्याला, आणि तीही वडिलांच्या पूर्ण नावानिशी!

रोहितनं ते वाचलं. समोर जाऊन चौकशी केली. "आई, इथे सायली नावाचं कोणी राहतच नाही. कधीच राहत नव्हतं."

दुसरी कुणी असती तर तिला लगेच कळलं असतं की भावजी थापा मारतात. पण वहिनींच्या मनात पाप नाही. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर डब्याच्या फोटोसकट लिहिलं: "अर्जंट! श्रीकांतभावजींची सायली कॅम्पसवरून बेपत्ता आहे. कोणाला काही माहीत असल्यास ताबडतोब कळवा."

पाचव्या मिनिटाला वाघोलीकर काकांचा फोन. हे मंडळातले सर्वांत ज्येष्ठ, रिटायर्ड डॉक्टर.

"श्रीकांत, धीर सोडू नकोस. मी गाडी काढलीय."

"काका, ती ठीक आहे हो!"

"ठीकच असणार. तू रडू नकोस."

"मी रडत नाहीये!"

"रड, रड. मोकळं वाटेल. मी पोलिसांना फोन लावतोय."

"नको!" मी ओरडलो. काकांनी त्याचा अर्थ हुंदका असा घेतला आणि फोन ठेवला.

आता खरं लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ग्रुपवर मी "सायली घरीच" एवढं टाइप केलं. पुसलं. पुन्हा केलं. पुन्हा पुसलं. माझं नुसतं टायपिंग सगळ्यांना दिसत होतं. कोणीतरी लिहिलं, "बिचाऱ्याला लिहवत नाहीये." खाली चाळीस हात जोडलेले! मुलगी सुखरूप आहे एवढं साधं वाक्य एका बापाला लिहिता येईना, कारण त्याच्या पुढे कॉलेजचं नाव लिहावं लागलं असतं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती, आणि तरीही बोट पुढे सरकेना.

तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला, खुद्द सायलीचा. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या नाटकात ती झाड झाली होती, तेव्हा तिला ग्रुपमध्ये घेतलं होतं. काढायचं राहून गेलं. तिनं लिहिलं होतं: "नमस्कार. मी हरवलेली नाही. केमिस्ट्री लॅबमध्ये आहे. ऑगस्टपासून कम्युनिटी कॉलेजला जाते आणि घरीच राहते. प्लीज पोलिसांना बोलावू नका. सगळ्यांना हॅपी दिवाळी!"

मग वाघोलीकर काकांचा एकच अंगठा उमटला.

संध्याकाळी ती घरी आली. प्राची माझ्याशी बोलत नव्हती. (तिला सायलीपेक्षा आधी डब्याचं विचारायचं होतं, पण तेही ती विचारत नव्हती.) सायलीनं बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, आर यू अशेम्ड ऑफ मी?"

"नाही गं!"

"मग मला कुठे पाठवलं होतंस तू?"

बोर्डात सोळाव्या आलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. मान खाली घालून मी "चुकलो" म्हणालो, आणि ते इतकं हळू म्हणालो की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं डबा आणायला गेलो. डेस्कवर निळ्या केसांची तीच मुलगी होती. तिनं आयडी मागितला. सायलीनं आपल्या कम्युनिटी कॉलेजचं कार्ड ऐटीत काउंटरवर ठेवलं. मुलीनं डबा दिला, चकल्या कशा अप्रतिम होत्या ते सांगितलं (एकही उरली नव्हती!), आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "अँड हू इज ही?"

सायलीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही?" ती म्हणाली. "अवर काका. फ्रॉम द मंडळ."

मी डबा पोटाशी धरून काकांसारखा हसलो.

दोन वर्षांनी सायलीची ट्रान्सफर झाली, त्याच युनिव्हर्सिटीत, आणि डॉर्म मिळालं तेही त्याच बिल्डिंगमध्ये. खोकी उचलून मी लॉबीत शिरलो, तर डेस्कवरून तीच मुलगी (केस आता हिरवे) आनंदानं ओरडली, "हाय, काका!" मी आशेनं सायलीकडे पाहिलं. ती फॉर्म भरत होती. तिची सगळीच्या सगळी क्रेडिट्स ट्रान्सफर झाली आहेत. माझी काकापासून बाबापर्यंतची ट्रान्सफर मात्र त्या बिल्डिंगमध्ये अजून पेंडिंग आहे.