मी बदलून घेतलेली ओळ

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे आजार वाचण्यात गेली. आरोग्य विम्याचे दावे तपासायचं आमचं ऑफिस. पेशंट कधी दिसायचा नाही, त्याचे कागद दिसायचे. कागदात कुठे काही खटकलं की हॉस्पिटलला क्वेरी पाठवायची. क्वेरी काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. घरी बायको म्हणायची, "अहो, आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगा. मुद्दे एक, दोन, तीन नकोत."

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना ऑफिसात एक नवा नियम आला. ज्या हॉस्पिटलांशी आमचा करार होता, त्यांच्यासाठी. टाळता येण्यासारखी गंभीर चूक झाली, म्हणजे डाव्याऐवजी उजवा गुडघा उघडला, भलत्या गटाचं रक्त चढवलं, पोटात कापड राहिलं, तर ती निस्तरण्याच्या उपचाराचा दावा द्यायचा नाही. आणि हॉस्पिटलनं तो खर्च पेशंटकडेही मागायचा नाही. मला नियम आवडला होता. इतक्या वर्षांत शहाण्या माणसानं लिहिलाय असा वाटलेला तो एकच. गोम एवढीच, की चूक कागदावर लिहायची हॉस्पिटलनंच. त्यामुळे तसा एकही दावा माझ्या टेबलावर आला नाही. नियम निघाल्यापासून पुण्यात डॉक्टरांच्या चुकाच थांबल्या, असं मी डबा खाताना म्हणायचो आणि सगळे हसायचे.

त्याच वर्षी बायकोची गर्भाशयाची पिशवी काढावी लागली. ऑपरेशन नीट झालं, पाचव्या दिवशी आम्ही वारज्याला घरी आलो. आठवडाभरानं मी ऑफिसातून परतलो तर ही दळणाचा डबा घेऊन जिना चढत होती. गिरणी खालीच आहे, म्हणाली, डबा काही फार जड नाही. मी जिन्यातच ओरडलो. शेजारच्या बाई दार उघडून बघायला लागल्या, इतका ओरडलो.

पुढच्या महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं. ताप येऊ लागला, जेवण तुटलं. त्याच हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि पुन्हा पोट उघडावं लागलं. सर्जन बाहेर आले, मला एका बाजूला नेलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "काका, आत कापडाची घडी राहिली होती. पहिल्या वेळी मोजणीत चुकलं. चूक आमची आहे." मग थोड्या वेळानं विचारलं, "काकूंना मी सांगू?"

मी म्हणालो, "नको. मी सांगतो."

आजही वाटतं, त्यांना सांगू द्यायला हवं होतं.

घरी सोडायचा दिवस शनिवार होता. बायको सकाळपासून साडी नेसून, पिशवी भरून पलंगाच्या कडेला बसली होती. खाली विम्याच्या खिडकीवर मी डिस्चार्ज कार्डाचा मसुदा वाचला. सर्जननी खरं तेच लिहिलं होतं: आधीच्या शस्त्रक्रियेत राहिलेलं कापड काढलं. स्पष्ट, एका ओळीत. त्याच्या खाली दुसरी ओळ, आतडी चिकटली होती, ती सोडवली.

खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, हे असं पाठवलं तर क्वेरी येणारच. आज डिस्चार्ज होईल असं वाटत नाही."

तिनं मला काही शिकवायची गरज नव्हती. नियम माझ्या बाजूचा होता. मी गप्प बसलो असतो तर चूक कागदावर राहिली असती, भुर्दंड हॉस्पिटलनं सोसला असता, आम्ही सोमवारी घरी गेलो असतो. पण तो नियम त्या क्षणी मला पेशंटचा नवरा म्हणून आठवलाच नाही. मला दिसलं ते आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर उघडलेलं माझ्याच बायकोचं प्रकरण, आणि त्यावर अडकलेली मंजुरी. आयुष्यभर कागद पुढे सरकवायची सवय. मी पेन काढलं, पहिल्या ओळीवर टेकवलं आणि म्हणालो, "ही काढा. खालची पुरेशी आहे. तीही खरीच आहे."

ती मुलगी वर जाऊन सर्जनना भेटून आली. ते म्हणाले होते, घरच्यांची तशी इच्छा असेल तर. चार वाजता मंजुरी आली. संध्याकाळी आम्ही घरी.

बायकोनं रात्री कार्ड वाचलं. तिला सगळं वाचायची सवय, वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा. "आतडी कशानं चिकटतात हो?" मी म्हणालो, होतं कधी कधी. तिनं कार्ड घडी करून उशीखाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी डबा उचलला ना मी. तुम्ही ओरडलात ते बरोबरच होतं. माझ्यापायी तुम्हाला किती त्रास."

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असू दे आता."

उद्या सांगू, तिला जरा शक्ती येऊ दे, मग सांगू, असं करत तीन वर्षं गेली. ती सगळ्यांना सांगायची, मी हट्टीपणानं डबा उचलला आणि भोगलं. पाहुणे मान डोलवायचे. मीही डोलवायचो. मागच्या वर्षी ती हृदयविकारानं गेली. त्याचा पोटाशी काही संबंध नव्हता, मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. आता घरात मी एकटा असतो. कुकरच्या शिट्ट्या मोठ्यानं मोजतो, म्हणजे दिवसातून एकदा तरी आवाज निघतो.

आमची मुलगी नागपूरला असते. गेल्या महिन्यात तिचं सिझेरियन झालं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज खुशीत होता. "बाबा, काळजी करू नका. सव्वा महिना मी काही उचलणार नाही. आईनं केलं तसं मी करणार नाही."

मला ते ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. कापड, खिडकी, माझं पेन.

मग तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत तिला वाटत होतं, तिचंच चुकलं?"

"हो."

"मग हे मला का सांगताय, बाबा? तिला सांगायचं होतं ना."

बाळ रडायला लागलं म्हणून तिनं फोन ठेवला. मी दोनदा करून पाहिला. आता बाळाचे फोटो जावयाच्या मोबाइलवरून येतात. बारशाचं निमंत्रणही त्यांनीच पाठवलं, सगळ्यांना गेलं तेच. सहकुटुंब यावे, असं त्यात लिहिलं आहे.