एक लाख शहाण्णव हजारांच्या पंगती

वीरण्णा मास्तरांना आकड्यांचा भारी सोस. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर मुडबी गावची उर्दू शाळा मराठी झाली, मास्तरांनी एका उन्हाळ्यात सगळे पाढे उर्दूतून मराठीत आणले, आणि गावात हिशेबाचा शेवटचा शब्द त्यांचा झाला. बायकोला, निलम्माला, त्यांनी हौसेनं पाटीवर भागाकार शिकवला होता. चुलीवर भात शिजेपर्यंत ती एक उदाहरण सोडवायची. उत्तर जुळलं की तिला हसू आवरत नसे.

बसव जयंतीला मास्तर मठात बोलायला उभे राहिले. बसवण्णांच्या कल्याण नगरीत एक लाख शहाण्णव हजार जंगम जेवत, हे सगळेच लहानपणापासून ऐकत आलेले. मास्तरांनी तो आकडाच सोलून दाखवला. चौदाला चौदाने गुणा, पुढं तीन शून्यं द्या, झाला तयार. दहाने भाग जातो, सातने तर दोनदा जातो. लोक माना डोलवू लागले तसा मास्तरांना चेव आला.

"बसवण्णांच्या सातशे सत्तर शरणांनी एकेक पंगत धरली, तर साऱ्या पंगती सारख्या. एक जंगम कमी न्हाई, एक जास्ती न्हाई."

टाळ्या पडल्या. गावच्या काशप्पा पाटलांनी हार घातला.

सातशे सत्तर म्हणजे सात, दहा आणि अकरा यांचा गुणाकार. सात पाहिला, दहा पाहिला, अकरा बोलण्याच्या भरात राहून गेला. वाटेतच मास्तरांच्या ते ध्यानात आलं आणि गळ्यातला हार टोचू लागला.

मठातून घरी येताच निलम्मा मात्र हरखून पाटी घेऊन बसली. दहाने भागलं, सातने भागलं, अठ्ठावीसशे आले. त्यांना अकराने भागून ती थबकली.

"सहा उरायलेत."

"पुन्हा कर. चुकलं असंल तुझं."

तिनं पाटी पुसून पुन्हा केलं. सहाच उरले. तिकडं भात करपला.

"माझंच चुकायलंय कुठंतरी," ती म्हणाली. "मला न्हाई जमायचं हे."

मास्तर करपलेला भात जेवले. त्यानंतर तिनं पाटी हातात धरली नाही. ती शेणानं सारवताना, ज्वारी पाखडताना समोर दिसली की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी एक वाक्य तोंडातून निघेना.

पुढच्या जयंतीला त्यांनी मन घट्ट केलं. उभं राहून सांगितलं, अकराने भाग जात नाही, चूक माझी.

"उरलेले जंगम वाढायला लागतेत की, मास्तर," काशप्पा पाटील म्हणाले, आणि सगळा मठ हसला. किती मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणत पाटलांनी पुन्हा हार घातला.

घरी येताच मास्तर हलक्या मनानं म्हणाले, "सांगून टाकलं बघ सगळ्यांना."

"ऐकलं की." निलम्मा चुलीपुढून उठली नाही. "माझं बरोबर हुतं, ते कामून सांगितलं न्हाई?"

गळ्यातला हार काढून मास्तरांनी खुंटीला अडकवला आणि ते पाटी शोधू लागले. ती दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवलेली होती. त्यांनी हात लावला.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," ती म्हणाली. "मांजर तोंड घालतंय."