नेढ्यापाशी टाकं नव्हतं

दुसऱ्या महायुद्धात आमची कंपनी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात होती. लोणावळ्याला हवा खायला येणारे लोक मला त्याबद्दल असं विचारतात, जणू मी तिथं सहलीला गेलो होतो. त्या मुलखानं आम्हाला एक दिवसही सुखानं राहू दिलं नाही.

मी नाईक होतो, हाताखाली सहा शिपाई. पहाटे साडेचारला फॉल-इन. माणशी एक बाटली पाणी, आणि दुपारी बारापर्यंत घोटही घ्यायचा नाही असा सक्त हुकूम. एके दिवशी लेफ्टनंटसाहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. घळीतून वर चढायचं, टोकाला दगडाची कमान आहे तिथं ठाण मांडायचं, पलीकडच्या रस्त्यावर नजर ठेवायची. आमच्या जागी बदलीची तुकडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येणार.

घळीच्या तोंडाशी गढूळ पाण्याचं एक डबकं लागलं. पुढं तीन मैल नुसता तापलेला दगड. नऊ वाजता कमान दिसली. कड्याला आरपार भोक, आपल्याकडे गडावर असतं तसं नेढं. मी मावळातल्या वडिवळ्याचा, लोहगड-विसापूर पायाखाली घातलेला. मला वाटलं, नेढं आहे म्हणजे शेजारी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं असणारच. पोरांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

"प्या रं. वर टाकं हाय," मी म्हणालो.

माझ्या सेक्शनमध्ये, त्या सहा जणांत, आमच्या मावळातल्याच टाकव्याचा भिकू होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, भाताची शेती सोडून आलेला.

"नाईकसाहेब, हितं पाऊसच न्हाई. टाकं भरनार कुटनं?"

"हुकूम हाय. पी."

तो प्यायला. सगळेच प्यायलो, बाटल्या रिकाम्या झाल्या.

साडेदहाला वर पोचलो. टाकं नव्हतं. मी शरमेनं कुणाकडे बघितलं नाही.

दोन वाजता एक जण चक्कर येऊन पडला. वायरलेसवर पाणी मागितलं.

"शक्य नाही. बदली सकाळी सात. जागा सोडू नका. ओव्हर."

भिकूनं न विचारता बाटल्या गोळा केल्या.

"डबक्यावर जाऊन येतो."

"समोरच्या कड्यावर स्नायपर असंल."

"असंल. पर ह्यो सकाळपत्तुर टिकायचा न्हाई."

दोन वाजून दहा मिनिटांनी मी त्याला जा म्हणालो. पाच वाजायला दहा कमी असताना तो वळणावर दिसला, अंगावर सात बाटल्या. कमान चाळीस पावलांवर राहिली होती. एकच गोळी आली. मी आणि आणखी एकानं सरपटत जाऊन त्याला आत ओढलं. तो गेला होता. दोन बाटल्या फुटल्या होत्या. उरलेल्या पाच बाटल्यांवर आम्ही सहा जण सकाळपर्यंत जगलो.

सातला बदलीबरोबर लेफ्टनंटसाहेब आले.

"पाण्याची शिस्त कोणी मोडली?"

पोरं माझ्याकडे बघत होती. साहेबांनी भिकूच्या प्रेताकडे बोट केलं. "हा पाण्याला गेला होता ना? मग हाच." त्यांनी अहवालात तसंच लिहिलं. मी तोंड उघडलं नाही. आज त्या नाईकाच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

लढाई संपल्यावर मी टाकव्याला गेलो. भिकूचे वडील ओसरीवर बसले होते. सून आत होती. तिनं पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला. कंपनीतल्या कुणीतरी रजेवर येऊन घरी सगळं सांगितलं होतं, म्हणजे कागदावरचं सगळं.

म्हातारा हात जोडून म्हणाला, "नाईक, माझ्या पोरापायी तुमा समद्यास्नी तहानंनं तळमळावं लागलं. त्येला माफी करा."

मी तांब्याला हात लावला नाही.

"आबा, पानी पिऊन टाकायचा हुकूम माझा व्हता. भिकू नगं म्हनत व्हता. त्यानंच आमाला वाचिवलं."

आबा उठले, तांब्या उचलला आणि आत गेले. दार लागलं. आतून सुनेचं रडणं ऐकू आलं, आणि आबांचा आवाज: "पोरी, आपला भिकू चुकला न्हवता."

जाळायला लाकूड नव्हतं, म्हणून त्या सकाळी भिकूला आम्ही नेढ्याखाली पुरलं होतं. जमीन इतकी कठीण, की कमरेएवढा खड्डा खणायला चार जणांना दोन तास लागले.