माती आहे, असं मी म्हणालो

चीनू गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. सकाळच्या भेटीच्या वेळेला मी इस्पितळात पोचलो, तर त्याच्या खाटेवरची गादी दुमडून ठेवलेली होती. शेजारच्या खाटेवरचे आजोबा माझ्याकडे न बघता धाकट्या भावाला हाक मारावी तसं तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "उशीर केलास, तंबी." माझ्या सदऱ्याच्या खिशात तांब्याचा एक गोळा होता, सुपारीपेक्षा थोडा लहान. चीनूनेच तो आणायला सांगितला होता. तो हातात घेऊन मी त्या गादीसमोर किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही... नर्सबाईंनी खांद्याला धरून बाजूला केलं, तेव्हा हललो.

याला आता सात आठवडे झाले. मला लेख लिहिण्याची सवय नाही. माझं मराठी गावाकडे चौथीपर्यंत झालं, पुढची सगळी शाळा मद्रासमध्ये, तमिळमधून. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण एक गोष्ट मी अजून घराबाहेर कुणालाही सांगितलेली नाही, चीनूच्या आईलासुद्धा नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे काही सुचत नाही.

आम्ही सांगलीकडचे. माझे वडील, आबा, मद्रासच्या सावकारपेठेत गलाईचं काम करतात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं. चीनूचं घर अण्णा नगरात. ते तंजावरचे मराठी, पिढ्यान् पिढ्या तिकडचेच. वडील कचेरीत हेडक्लार्क. बी.ए.च्या पहिल्या वर्षी वर्गात हजेरी घेताना माझं आडनाव ऐकून तो मागच्या बाकावरून पुढे आला आणि म्हणाला, "तूं मराठी काय? आम्हीं पण!" त्याचं मराठी ऐकून मला हसू आलं. जुन्या पत्रातल्यासारखं बोलायचा, 'सगळं'ला 'अस्की' म्हणायचा, मध्येच तमिळ घालायचा, 'रे'च्या जागी 'डा', आणि देवनागरी तर त्याला वाचताच येत नव्हती. माझं ऐकून तो उलट म्हणाला, "तूं बोलतोस तें मराठी कीं भांडण?" तेव्हापासून दोन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो.

लहानपणीच्या तापात त्याच्या हृदयाची झडप बिघडली होती. जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबायचा आणि भिंतीवरची सूचना वाचतोय असं दाखवायचा. मीही शेजारी थांबून तीच सूचना वाचायचो.

तिसऱ्या वर्षी इतिहासाच्या मॅडमनी जोडीने करायचा प्रकल्प दिला. एखादी वीरकथा घ्या आणि तिच्यातलं खरं काय ते शोधा. सगळ्यांनी आपल्याकडच्या कथा घेतल्या. चीनूने युरोपच्या उत्तरेकडच्या समुद्रावरची एक दंतकथा निवडली. तिच्यात राजा मेल्यावर त्याला शस्त्रं आणि दागिन्यांसकट जहाजात निजवतात. मी म्हणालो, आपला काय संबंध? तेव्हा त्याने आपल्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांचा मूळपुरुष महाराष्ट्रातून घोड्यावर बसून तंजावरला आला, असं आजोबा सांगायचे. घोड्याचं नाव घरात सगळ्यांना ठाऊक, माणसाचं नाव कुणालाच नाही. "त्या घोड्याचा एक नाल जरी मिळाला असता," चीनू म्हणाला, "तरी मी अस्की गोष्ट खरी मानली असती."

मॅडमनी दुसऱ्या ग्रंथालयातून आठ दिवसांसाठी एक जाड पुस्तक आणून दिलं. त्यात व्हायकिंग लोकांनी खरोखर पुरलेल्या एका जहाजाचा नकाशा होता. लाकूड केव्हाच कुजून मातीत मिसळलं होतं. उरले होते फक्त फळ्या जोडणारे लोखंडी खिळे, आणि तेसुद्धा जिथल्या तिथे, ओळीने. त्या ओळींवरून जहाजाचा आकार कळत होता. चीनू त्या पानावरून उठेचना. मला लाकडाचं छान रंगवलेलं जहाज करायचं होतं. पुढे राक्षसाचं तोंड, वर शीड. प्रदर्शनात लोक बघतील, मार्क मिळतील. तो म्हणाला, "जहाज कुणीही करील डा. आपण जहाज गेल्यावर काय उरतें तें करूं."

मग आम्ही फळांच्या खोक्यातून एक उथळ पेटी केली आणि तिच्यात रेती न् चिकणमाती कालवून भरली. आबांकडून तांब्याची तार मागून आणली. तिचे तुकडे करून, प्रत्येकाचं एक टोक ऐरणीवर चपटं करून चीनूने शंभरावर खिळे बनवले. ठोकताना त्याला धाप लागायची. मी हातोडी मागितली की म्हणायचा, "तूं निबंध लिही. तुझं इंग्रजी माझ्याहून वाईट आहे, तुला वेळ लागेल." नकाशा पातळ कागदावर उतरवून तो ओल्या मातीवर पसरला आणि कागदातूनच एकेक खिळा रोवला. कागदाच्या चिंध्या झाल्या. पुस्तक परत गेलं. ते जहाज आता फक्त त्या पेटीत होतं. माती सावकाश वाळायला हवी होती. चीनूच म्हणाला, "तुमच्या भट्टीशेजारीं ठेव. तिथें तडा जाणार नाहीं."

पेटी दुकानात नेली, तेव्हा आबांनी विचारलं, "ह्ये काय रं?"

दोन-तीन वर्षांत मी आबांना कॉलेजातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना कळणार नाही असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर सांगताना मलाच लाज वाटायची. ते दिवसभर तेजाबाच्या धुरात उभे, आणि मी परदेशातल्या मेलेल्या राजाची होडी करतोय, हे कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हणालो, "काही नाही. माती आहे."

पोंगलच्या चार दिवस आधी चीनूला इस्पितळात ठेवलं. मी रोज तिकडे जात होतो. भोगीच्या दिवशी सगळं मद्रास घरातला जुना कचरा दाराशी जाळतं. आमच्या दुकानातही त्या दिवशी झाडझूड होते, पण गलाईच्या धंद्यात केर कुणी टाकत नाही. केरात सोन्याचे कण असतात. तो पाण्यात धुवायचा, चाळायचा, आणि जे धातूचं निघेल ते मुशीत घालायचं. मी संध्याकाळी इस्पितळातून आलो, तर भट्टीशेजारची जागा स्वच्छ झाडलेली होती.

"आबा, पेटी?"

"कंची? ती मातीची व्हय? लई तांबं निघालं बघ तिच्यात." त्यांनी कोनाड्यातून गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो गारसुद्धा झाला होता. माझा चेहरा बघून ते घाबरले. "तूच म्हनलास नव्हं, माती हाय?"

मी गोळा परत कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चीनूने पहिलाच प्रश्न विचारला, "पेटी वाळली काय?"

"वाळली."

"तडा?"

"नाही."

पुढचे आठ दिवस मी हेच बोललो. आणि घरी येऊन नवी पेटी करत बसलो. नवी तार, नवे खिळे. पण नकाशा नव्हता, आणि ओळी मला आठवत नव्हत्या. एका बाजूने नीट लावल्या की दुसरी बाजू वाकडी व्हायची. उपटायचो, पुन्हा लावायचो. बोटांना जखमा झाल्या. ज्या दिवसांत त्याच्याजवळ बसायला हवं होतं, त्या दिवसांत मी मातीत खिळे खोचत होतो... शेवटी चीनू म्हणाला, "एकदां आणून दाखव डा. प्रदर्शनाला कांहीं मी येत नाहीं." मी नवी पेटी टॉवेलात गुंडाळून बसने घेऊन गेलो.

त्याला तेव्हा उठून बसताही येत नव्हतं. पेटी मी त्याच्या कुशीला ठेवली. त्याने बघितलं नाही, डोळे मिटून ओळींवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. "ही माझी नव्हे," तो म्हणाला. मग, माझी समजूत घातल्यासारखं, "सरि... बरी आहे. माझी काय झाली?"

मी सांगितलं. सगळं. माती आहे म्हणालो तेसुद्धा.

आणि तो हसला. "म्हणजे तुझ्या आबांनीं राजाला अग्नि दिला कीं!" हसता हसता त्याला खोकला लागला आणि तो थांबेना. नर्स धावत आली. मला बाहेर काढलं. दारातून मी वळून बघितलं, तेव्हा त्याने हात वर करून खूण केली, आणि धापांच्या मध्ये म्हणाला, "तो गोळा... उद्यां आण."

अंत्यविधीनंतर चीनूच्या अम्मांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "त्या दिवशीं संध्याकाळभर आठवून आठवून हसत होता रे. काय सांगितलास त्याला?" मी म्हणालो, कॉलेजातली गंमत. डॉक्टरांनी त्याला दगदग करू देऊ नका, असं बजावलं होतं, हे मला माहीत होतं. त्या हसण्यानेच तो एक दिवस आधी गेला का? मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायचं धाडस अजूनही होत नाही. अम्मा, तुम्हालाही हे वाचता येणार नाही. कुणीतरी वाचून दाखवेल, तेव्हा तुम्हाला कळेल ती गंमत कोणती होती. नंतर तुम्ही मला दारात उभं केलं नाहीत, तरी माझी तक्रार नाही.

प्रदर्शनाला मी काहीच नेलं नाही. मॅडमनी निबंध ठेवून घेतला, पेटी मी समुद्रावर रिकामी केली. त्या आठवड्यात आबा एकदा गोळा हातात घेऊन माझ्यासमोर बसले. "ह्याची परत तार ओढून देतो. पुन्हा खिळं कर," म्हणाले. मी मान हलवली, नको. मग पहिल्यांदाच मी त्यांना सगळं सांगितलं. राजा, जहाज, कुजलेलं लाकूड, जागच्या जागी राहिलेले खिळे, आणि चीनू. ते गोळा बोटांत फिरवत ऐकत राहिले. उठताना फक्त म्हणाले, "आधी सांगायचं व्हतंस रं पोरा."

गोळा कोनाड्यात आहे. आबा त्याला हात लावत नाहीत. पण हल्ली दुकान झाडताना कोपऱ्यातलं काहीही उचललं, चिंधी असो, डबी असो की मूठभर धूळ, तर ते केरसुणी थांबवतात आणि मला हाक मारतात.

"दत्ता, ही मातीच हाय नव्हं?"

मी जाऊन बघतो. दोन्ही हातांनी चाचपून बघतो. आणि मातीच असली, तरी "हो" म्हणायला मला फार वेळ लागतो.