सरळ धरलेली नळी

बाळांनो, काल तुम्ही फोनवर समुद्राची वाळू दाखवलीत, म्हणून आज हे लिहिते.

पुण्याहून सोलापूरला येताना एसटीत एक मुलगी चिखल भरलेली पारदर्शक नळी छातीशी सरळ धरून उभी होती. मी जागा देऊ केली, तरी ती बसेना. उभं राहिलं की हादरे गुडघे झेलतात, म्हणाली.

"ताई, चिखलाचं तिकीट काढलं का?" कंडक्टर हसला.

"मामा, समुद्राच्या तळाचा गाळ हाय. थर मिसळले तर माझं सगळं काम वाया जाईल की."

त्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या, तिळाहून लहान, एकपेशी जीवांची कवचं असतात, असं तिनं मला सांगितलं. खालचा थर जुना, वरचा नवा; कोणत्या थरात कोणती कवचं आहेत, त्यावरून त्या थराच्या काळी समुद्र किती उबदार होता ते कळतं.

सोलापूरला उतरताना तिचे पाय थरथरत होते, पण नळी सरळ होती.

ते जीव केव्हाच मेले. त्यांची कवचं अजून आपापल्या थरात आहेत.