सोमवारसाठी राखून ठेवलेले हात

"ती कणीक माझी आहे."

"कणीक कुणा एकाची नसते गो. मळली की घराची होते."

"मग घरानं आज खायचं काय? तुमचे हात?"

शेवंता पदर खोचून चिंचपोकळीच्या त्या चाळीच्या अंगणात उभी होती. समोर जुन्या टॅक्सीचं बॉनेट उघडं, आणि बॉनेटपुढे तिचा नवरा तुळशीदास. मनगटापर्यंत कणकेचा लेप, दोन्ही हात असे वर धरलेले की त्यांच्यावर अक्षता टाकायच्याच बाकी.

"कालचे पायमोजे काय झाले?" तिनं विचारलं.

"त्यातनं ऑइल झिरपतं."

"आणि परवाच्या दुधाच्या पिशव्या?"

"आत घाम येतो. घामानं बोटं फुगतात. फुगलेल्या बोटाला धागा कळत नाही."

"इथं धागा कुठाय? समोर इंजिन आहे."

"आज इंजिन आहे," तुळशीदास शांतपणे म्हणाला. "उद्या सोमवार."

हा सोमवार गेली दोन वर्षं येत होता.

तुळशीदास गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर. अठरा वर्षं चार साचे एकट्यानं सांभाळलेला. तुटलेला धागा तो असा सांधायचा की कापडावरून गाल फिरवला तरी गाठ लागू नये. लग्नानंतर शेवंतानं पहिल्यांदा त्याचा हात धरला तेव्हा तिला आपलेच हात गड्याचे वाटले होते. मग संप झाला, गेट बंद झालं, आणि ते मऊ हात घरी येऊन बसले.

वरच्या मजल्यावर बाबुराव राहायचे. ते त्याच खात्याचे जॉबर. कुणाला साच्यावर उभं करायचं आणि कुणाला गेटवरूनच परत धाडायचं, ते ठरवणारा माणूस. संप लागल्यापासून बाबुराव दर आठवड्याला गॅलरीत उभे राहून खाली सांगायचे, "येत्या सोमवारी बोलावणार. पण शेठ या वेळी हात बघून घेणार हां. काळं बोट दिसलं की घरी. कोऱ्या कापडाला डाग नको." हे त्यांना कोण सांगतं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. जॉबर तो जॉबर. पूर्वी बोलताना ते हात नाचवायचे. आता वर्षभर दोन्ही हात पाठीमागे बांधून साहेबासारखे बोलायचे.

आणि अशातच शेवंताचा भाऊ जगन कंबर धरून गावी गेला आणि जाताना आपली टॅक्सी या अंगणात लावून गेला. "भावोजी, चालवायला मी शिकवलंयच. जरा हात फिरवा, चालू होईल," म्हणाला. त्याला काय माहीत, हात फिरवणं हीच या घरातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

तुळशीदास हात फिरवायच्या आधी हात तयार करायचा. त्याला सकाळचा दीड तास लागे. पहिल्यांदा दहाही नखं साबणाच्या वडीवर खरवडायची, म्हणजे नखांत साबण बसतो आणि काळं शिरायला जागा उरत नाही. मग कोपरापर्यंत खोबरेल. वर पायमोजे, किंवा पिशव्या, किंवा आज कणीक. एवढं झाल्यावर हातात पाना धरायचा. पाना अर्थातच सुळकन निसटून गाडीखाली जायचा. तो काढायला गाडीखाली शिरायचं तर हात खराब होणार, म्हणून काठी. संध्याकाळपर्यंत काठीला पाना लागला तर दिवस चांगला गेला. काम संपलं की रेशनची साखर गोडेतेलात कालवून हात चोळायचे. काळं नसलेलंही काळं त्यानं निघायचं. सहा दिवसांत एक नट सुटला होता आणि टॅक्सीत मुंग्या झाल्या होत्या.

"जगननं लिहिलंय," शेवंता म्हणाली, "ॲक्सिलेटरची वायर तुटलीय, बाकी सगळं ठीक आहे. ऑपेरा हाऊसला नवी मिळते."

"नवी कशाला? तुटलेलं जोडायचंच असतं की. त्यात माझी हयात गेली."

त्यानं कणीक धुतली. शेवंता बघतच राहिली. तो खोलीत गेला आणि ट्रंकेतून सुताची कांडी घेऊन आला, गिरणीतून आणलेली शेवटची. आठ पदर पिळून त्यानं दोरी केली आणि उघड्या बोटांनी, डोळे मिटून, तुटक्या वायरच्या दोन टोकांना ती सांधली. दोन्हीकडे साच्यावरची गाठ.

"बघ. बोट फिरव. लागतेय?"

"लागतेय," शेवंता म्हणाली.

"तुझी बोटं जाड आहेत. मागाच्या फणीतून जाते ही गाठ. वायरच्या या नळीतून का नाही जाणार?"

गाठ नळीतून गेली. जाताना गेली. त्यानं परत खोबरेल लावलं, किल्ली फिरवली, पाय दाबला, इंजिन लागलं. पाय उचलला, पण गाठ नळीच्या तोंडात अडकून बसली आणि ॲक्सिलेटर दाबलेलाच राहिला.

टॅक्सी उभ्या जागी ओरडायला लागली. बॉनेट थरथरलं, खिडक्या वाजल्या, दोरीवरचे लेंगे धुरात दिसेनासे झाले. तुळशीदास किल्ली बंद करायला गेला, तर खोबरेलाच्या बोटांत किल्ली फिरेना. तो उतरला आणि त्यानं वर काही न चढवता दोन्ही हात सरळ इंजिनात घातले.

"बंद करा," शेवंता किंचाळली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

आणि मग तिनं वर पाहिलं.

तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत पुरुष आले होते. दोन वर्षं एकमेकांसमोर तंबाखू मळत गप्प बसलेले पुरुष. साचेखात्यात आवाजच असा असतो की तिथं तोंडाचा उपयोग नसतो. सगळं हातानं बोलायचं. आता तो आवाज अंगणात उठला होता आणि चाळ बोलत होती. एकानं अंगठा ओठाला लावला: चहा. समोरच्यानं पंजा हलवला: नको, झाला. तिसऱ्यानं हवेत मिशी पिळली: जॉबर आला रे. आणि खरंच, वर बाबुराव कठड्याला येऊन उभे होते. सगळे हसले, आवाजाशिवाय.

तुळशीदासनं इंजिनातून हात काढले. कोपरापर्यंत काळे कुळकुळीत. त्या हातांनी त्यानं वर खूण केली, दोन बोटं एकमेकांत अडकवून: गाठ अडकली. आणि बाबुरावांनी, सवयीनं, पाठीमागचे दोन्ही हात पुढे घेतले. कठड्याबाहेर वाकून दोन्ही पंजे उघडून दाखवलं: ओढ, डावीकडे ओढ.

शेवंता कोकणात केळीच्या बागेत वाढलेली. ते तळवे तिनं खालूनही ओळखले. काळपट तपकिरी डाग, बोटांच्या पेरांत, तळव्याच्या रेषांत. केळीच्या चिकाचे. साबणानं जात नाहीत, साखरेनं जात नाहीत. घड उतरवून, फण्या कापून, रोज केळी विकणाऱ्याच्याच हातावर असे बसतात. भल्या पहाटे "गेटवर चौकशीला जातो" म्हणून पिशवी घेऊन निघणारे बाबुराव.

तिनं पदर किल्लीभोवती गुंडाळला आणि फिरवली.

आवाज थांबला. गॅलऱ्यांतले हात हवेत तसेच राहिले, मग एकेक करून खाली गेले. बाबुराव जिना उतरून अंगणात आले, गाडी बघायला. हात परत पाठीमागे.

"बाबुराव," तुळशीदास अजून खात्यातल्यासारखा मोठ्यानं बोलत होता. त्यानं काळे हात पुढे केले. "उद्यापर्यंत धुतो मी हे. साखर आहे घरात."

"साखर संपली," शेवंता म्हणाली.

"चालतील ना पण? उद्या?"

"आधी त्यांना विचारा," शेवंता हळूच म्हणाली, "त्यांचे चालतायत का."

तुळशीदासनं तिच्याकडे पाहिलं, मग बाबुरावांच्या कोपरांकडे, जिथून पुढचे हात दिसत नव्हते.

"मघाशी वर मला दिसलं काहीतरी," तो म्हणाला. आता त्याचा आवाज नेहमीचा झाला होता. "मला वाटलं धूर आहे. बाबुराव, हात दाखवा."

बाबुरावांनी टॅक्सीकडे पाहिलं. एक मुंगी बॉनेटवरून चालली होती, ती पार कडेला जाईपर्यंत पाहिलं. मग वळले आणि चाळीच्या फाटकाकडे चालायला लागले, ताठ, साहेबासारखे, दोन्ही हात पाठीमागे बांधून, तळवे सगळ्या अंगणाकडे उघडे.