तात्यांच्या मागं कोण गात होतं

तात्या ओळीच्या शेवटाला आले आणि पुन्हा थांबले. त्यांच्या हेडफोनमध्ये ढोल वाजतच होता, हे मात्र काचेपलीकडं डोळे मिटून उभे. मग पुढची ओळ घेतली, ती आधीपेक्षा संथ. चार ओळींत ढोल एकीकडं आणि ओवी दुसरीकडं. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. बारामतीत कॅसेटच्या दुकानावर अरविंदशेठनी छोटा स्टुडिओ काढला होता आणि मी तिथला रेकॉर्डिस्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शेठनी नुकताच रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याचं त्यांना नव्या सुनेसारखं कौतुक. येईल त्याला वर आणून दाखवायचे.

तात्या अंथुर्ण्याचे. घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस. बिरोबाची अख्खी ओवी तोंडपाठ असलेला गावात हा एकच माणूस उरला होता. पोरांनी ती घेतली नव्हती. तात्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि सोमवारी पुण्याला ऑपरेशन होतं. आवाज राहीलच असं नाही, हे डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. आणि आज शनिवार. आज ओवी टेपवर आली नाही तर ती कायमची गेली, हे तात्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

शेठ म्हणाले, "वय झालं त्यांचं. ताल सुटतोय. जमेल तेवढं घ्या, मग कापून जोडू."

मला ते पटेना. जन्मभर ढोलावर गाणाऱ्या माणसाचा ताल असा सुटत नाही. आणि सुटला तरी दर वेळी ओळीच्या शेवटालाच कसा सुटेल? चुकणारा माणूस इतका शिस्तीत चुकत नाही.

आमची मांडणी कशी होती ते सांगतो. कुठला आवाज कुठून निघून कुठं पोचवायचा, याला आमच्या धंद्यात राउटिंग म्हणतात. उसाला पाणी देताना पाटातून चारीत आणि चारीतून सरीत वळवतात, तसंच हे. कुठलं दार उघडायचं आणि कुठलं बुजवायचं, एवढंच त्यातलं शहाणपण. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःची सरी असते, तिला ट्रॅक म्हणायचं. तात्यांचा आवाज माइकमधून मिक्सरमध्ये, तिथून कॉम्प्युटरमधल्या त्यांच्या ट्रॅकवर जात होता. तिथं त्याला देवळातल्यासारखा घुमारा चढवून परत बाहेर काढून त्यांच्या हेडफोनमध्ये सोडला होता. घुमाऱ्याचा हट्ट शेठचा. गाणाऱ्याला गातानाच भारी वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ढोल आम्ही आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवला होता. तात्यांचे जोडीदार दगडूराव बाहेर बाकावर चहा पीत बसले होते. त्यांचा आवाज दुपारी वेगळा घ्यायचा होता. एकेक आवाज सुटा घ्यायचा आणि मागाहून मिसळायचा, हीच तर कॉम्प्युटरची ऐट.

मी तात्यांना बाहेर बोलावलं आणि मधेच का थांबता म्हणून विचारलं. त्यांना माझंच नवल वाटलं.

"थांबू न्हाय तर काय करू? मागचा म्हणतोय की अजून."

"मागचा कोण, तात्या?"

"ते मला काय ठावं. तुमचाच कुणी माणूस आसंल. गळा बरा हाय त्याचा, पण लई रेंगाळतोय."

मी दगडूरावांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडात बिस्किट होतं. ते नक्कीच गात नव्हते.

मग दगडूरावांनीच मला रीत सांगितली. पुढचा ओळ म्हणतो, मागचा त्या ओळीचं शेपूट धरतो आणि लांबवतो. तो सोडत नाही तोवर पुढच्यानं नवी ओळ घ्यायची नाही. मधेच घेतली तर त्याच्या तोंडातला घास काढल्यासारखं होतं. उभ्या हयातीत तात्यांनी दगडूरावांना असं कधी तोडलं नव्हतं.

मी आत गेलो, तात्यांचा हेडफोन कानाला लावला आणि माइकमध्ये "हॅलो" म्हणालो. क्षणभरानं कुणीतरी माझ्याच आवाजात "हॅलो" म्हणालं. आता उलगडा झाला. आवाज आत घ्यायचा, त्याचे आकडे करायचे, घुमारा चढवायचा आणि परत आवाज करून बाहेर सोडायचा, याला त्या काळच्या कॉम्प्युटरला वेळ लागायचा. तेवढ्या उशिरानं तात्यांना स्वतःचाच आवाज मागून ऐकू येत होता. त्यांनी त्याला जोडीदार समजून मान दिला. तो सोडेना म्हणून हे थांबले. त्याच्यासाठी यांनी सूर लांबवला की तोही लांबवायचा. मला इतकी मौज वाटली की दोन मिनिटं मी नुसता "हॅलो, हॅलो" करत उभा होतो. शेठना वाटलं, माझंही वय झालं.

उपाय सोपा होता. कॉम्प्युटरमधून हेडफोनकडं येणाऱ्या तात्यांच्या आवाजाचं दार बुजवलं. मिक्सरवरच त्यांच्या माइकला दोन वाटा काढल्या, एक रेकॉर्डिंगला आणि दुसरी थेट त्यांच्या कानाला. घुमारा मागाहून घालू म्हटलं. शेठ कुरकुरले.

तात्या उभे राहिले. पहिली ओळ ढोलावर चोख बसली. आणि ते पुन्हा थांबले. मी कपाळाला हात लावला.

"आता तर मागं कुणीच न्हाय," तात्या म्हणाले. "मी ओळ सोडायची तरी कुणाच्या हातात?"

तेव्हा मी सुट्या ट्रॅकची ऐट गुंडाळून ठेवली. आतली खोली एकाच माणसाची, म्हणून दगडूरावांना बाहेर माझ्या शेजारी दुसरा माइक दिला आणि स्पीकर बंद केले. कॉम्प्युटरला आवाज आत घ्यायला डावी आणि उजवी अशा दोनच वाटा होत्या. डावीकडून तात्या सोडले, उजवीकडून दगडूराव, म्हणजे ट्रॅक वेगळेच राहिले. दोघांच्या कानात दोघेही दिले. ढोल कॉम्प्युटरमधून येत होता, तो फिरून परत आत शिरू नये म्हणून त्याचं फक्त हेडफोनकडचं दार उघडं ठेवलं. दगडूरावांच्या माइकमध्ये कॉम्प्युटरचा पंखा येत होता. येऊ दिला.

दगडूरावांनी पहिलं शेपूट धरलं तशी तात्यांची पाठ ताठ झाली. त्यांचा हात सवयीनं कानाशी, म्हणजे हेडफोनवर गेला. मग ते थांबले ते फक्त थांबायचं तिथंच. अख्खी ओवी संध्याकाळपर्यंत झाली. मी काहीही कापलं नाही.

ऑपरेशन नीट झालं, पण आवाज गेला. नुसती हवा उरली. दिवाळीनंतर तात्या एकटेच जिना चढून वर आले आणि कुजबुजत म्हणाले, "माझा एकट्याचा लावा." मी दगडूरावांचा ट्रॅक बंद केला, ढोलही काढला आणि त्यांना हेडफोन दिला.

पहिली ओळ झाली. दगडूरावांसाठी सोडलेली जागा रेकॉर्डमध्ये तशीच मोकळी होती. तात्यांनी हात कानाशी नेला आणि उरलेल्या हवेनं ते शेपूट धरलं. त्यांचं होईतो रेकॉर्डमधले तात्या गप्प राहिले, मग पुढची ओळ आली. मला पडद्यावरचं काही दिसेना, डोळे भरले होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोन काढला.

"पुढं गाणारा चांगला हाय," ते म्हणाले. "मागच्यासाठी थांबतोय."

तेव्हापासून कुणाच्याही कानात आवाज सोडण्याआधी मी विचारून घेतो, तुमच्या मागं कोण असतं. मॅन्युअलमध्ये हे कुठंही लिहिलेलं नाही.